मुशीचं तेल

गाडी बघायला जाताना माझ्या पिशवीत तीन वस्तू असतात. चुंबक, लहान टॉर्च आणि जुना टूथब्रश. चुंबक टाकीवर फिरवायचं; जिथे चिकटत नाही तिथला पत्रा गेलेला आणि पुट्टी भरलेली. टॉर्च टाकीच्या तोंडातून आत मारायचा, म्हणजे गंज दिसतो. टूथब्रशने इंजिनावरचा नंबर घासून काढायचा आणि चासीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघायचं. मढच्या त्या गाडीच्या वेळी या तिन्ही वस्तू माझ्याकडे होत्या आणि तिन्ही मी वापरल्या. म्हणजे कळलं नाही, अंदाज चुकला, असं म्हणायला मला जागा नाही.

हे मी मढबाहेर आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, ती गाडी मी तोट्यात काढली. तिला तसंच वाटू दिलं आहे.

मी वाहनविम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या, जळालेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि त्यात काय उरलं आहे त्याचा आकडा लिहायचा. या कामात माणूस कमी बोलायला शिकतो. गाडीचा मालक बाजूला उभा असतो, आणि तो गाडीकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमची भुवई हलली तरी त्याला त्यात पैसे दिसतात किंवा गेलेले दिसतात. म्हणून चेहरा कोरा ठेवायचा. पंचविसेक वर्षं तसा ठेवला की तो घरीही तसाच राहतो, हे वेगळं. जुन्या मोटरसायकलींचा नाद मला याच कामातून लागला. कुठल्या तरी गॅरेजच्या मागे धूळ खात पडलेली गाडी दिसायची, स्वस्तात मिळायची, सुट्टीच्या दिवशी तिच्याशी खेळायचं, चालू झाली की कोणाला तरी द्यायची. फायदा व्हायचा, पण फायद्यापेक्षा खरी मजा पुढे असायची. आम्हा नादिष्ट लोकांचा एक कंपू आहे. त्यांच्यासमोर चहा घेताना, 'कितीला उचलली, ओळख' असं म्हणायचं, आणि त्यांनी आकडे सांगत जायचं, आणि आपण नुसती मान हलवत राहायचं. माझा लोभ हा असला होता. लहान वाटतो. पण लोभच.

मढची मावशी मला माझ्या शाळेच्या दिवसांपासून ठाऊक. आम्ही मालवणकडचे, वडील गिरणीत. जोगेश्वरीच्या चाळीत राहायचो. मावशी सकाळी मढहून फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायची आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकत आमच्या चाळीपर्यंत यायची. दारात पाटी टेकली की आई आणि तिचं ठरलेलं नाटक सुरू व्हायचं.

"गो, ह्ये कालचे आसत," आई बांगड्याला बोट लावून म्हणायची. "डोळे बघ ह्यांचे. पांढरेफटक झालेत."

"तुझे डोले एवढे बरे, तर मग चष्मा कशाला लावतेस?"

"माका नको. घेऊन जा."

"घेऊन जाते. दुपारी माझ्या दारात येशील मढला, तेव्हा दुप्पट घेईन."

आणि मग भाव व्हायचा, वर दोन बांगडे जास्तीचे पडायचे, आई तिला चहा द्यायची. मालाला नावं ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी माल घेत नाही आणि नावं ठेवलेली कोणी मनावर घेत नाही. नावं ठेवली की समोरच्याने उलटून बोलायचं, मग आपण थोडं वर चढायचं. हे मी तिच्याच पाटीपाशी उभा राहून शिकलो.

आई गेली, चाळ सुटली, मावशीच्या गुडघ्यांनी तिचं फिरणं बंद केलं. मधली कितीतरी वर्षं भेट नव्हती. मग तिच्या पुतण्याचा मासळीचा टेम्पो भरतीच्या पाण्यात गेला आणि त्याचा सर्व्हे नेमका माझ्याकडे आला. पुतण्याने घाबरत घाबरत एक पाकीट पुढे केलं. मी ते परत केलं. टेम्पो 'टोटल लॉस' लिहिला, कारण तो खरंच टोटल लॉस होता. इंजिनापासून वायरिंगपर्यंत काही उरलं नव्हतं. क्लेमचे पैसे आले. तेव्हापासून मावशी कोळीवाड्यात सांगत सुटली की आपल्या चाळीतला पोरगा आहे, पैसे खात नाही, बोलतो ते खरं बोलतो. त्या घरात 'टोटल लॉस' हा शब्द माझ्यामुळेच शिरला. ते लोक 'टोटल लास' म्हणत. त्यांच्या लेखी तो डॉक्टरने सांगितल्यासारखा शब्द होता. त्याच्यापुढे बोलणं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, तिचा फोन आला.

"बाला, म्हाताऱ्याची गाडी हाय. ती विकायची. तू येऊन बगून सांग, काय येतील."

म्हातारा म्हणजे तिचा नवरा. एके काळी स्वतःची होडी असलेला नाखवा. त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती, पण बोलणं शाबूत होतं. पडवीला लागून असलेल्या खोलीत खाटेवर असायचा. पोरबाळ नाही. मी गेलो त्या दिवशी मावशीने मला आधी पडवीत बसवलं, चहा दिला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ती गाडी त्याने तरुणपणी घेतलेली. मढच्या बंगल्यांवर शूटिंगवाले यायचे, ते ती भाड्याने न्यायचे. हिरो लोक तिच्यावर बसलेले. एकदा एका प्रॉडक्शनवाल्याने चांगल्या पैशाला मागितली, याने दिली नाही. तेव्हापासून नवराबायकोत त्या गाडीवरून भांडण. ती म्हणायची, विक, घराला पत्रे घालू. तो म्हणायचा, ही माझी एफडी हाय, माझ्या मागे तुला कामाला येईल.

"आता सोता म्हणतो, विक," ती म्हणाली. "म्हणतो, मी हाय तवर विकू. मी गेल्यावर तुला कोनी तरी फसवील."

गाडी घरामागच्या झावळ्यांच्या झापात होती, फाटक्या जाळ्यांखाली. जाळी ओढली आणि पहिल्यांदा अंगावर आला तो वास. काळा, जुना, जाडसर वास. गाडी गाडीसारखी दिसतच नव्हती. टाकी, चाकं, दोन्ही सायलेन्सर, हँडल, सगळ्यावर डांबरासारखा काळा थर होता, त्याच्यावर धूळ, माशांचे खवले आणि कोंबडीची पिसं चिकटलेली. माझ्या आधी शहरातून दोघं बघून गेले होते. एकाने नाकाला रुमाल लावला आणि जाळी पूर्ण काढूही दिली नाही. दुसऱ्याने भंगारवाल्याचा फोन नंबर दिला.

मला तो वास ठाऊक होता. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून कोळी लोक लाकडी होड्यांना लावतात, म्हणजे खारं पाणी लाकूड खात नाही. म्हाताऱ्याने जे होडीला केलं तेच गाडीला केलं होतं. दर वर्षी, होडी वर ओढून तेल लावायच्या दिवसांत, उरलेलं तेल गाडीला.

मावशी चहाचे कप ठेवायला आत गेली. मी सीटखाली हात घातला आणि अंगठ्याच्या नखाने थर खरवडला. तो सुकलेल्या गुळासारखा निघाला, आणि खाली निकेल चमकलं. डाग नाही, पुटकुळी नाही. चाकाच्या रिमला खरवडलं, तेच. टाकीच्या खाली खरवडलं तर मूळचा डाळिंबी रंग. चुंबक टाकीवर फिरवलं, सगळीकडे चिकटलं. टॉर्च मारला, आतही तेल फिरवलेलं. टूथब्रशने नंबर घासले, दोन्ही जुळले. ज्या जातीच्या गाडीत किकचाच दांडा पुढे वळवला की त्याचा गिअर होतो, त्या जातीची, पहिल्या काही वर्षांतली, एकही भाग न बदललेली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतकी वर्षं उभी राहून अशी गाडी उरू शकते, हे मी कोणी सांगितलं असतं तर खोटं म्हटलं असतं. किक मारून पाहिली. जाम होती. पण दगडासारखी जाम नव्हती. पायाखाली किंचित दबत होती. गंजाने धरलेलं इंजिन दबत नाही. एवढं मला कळतं.

मनात मी आकडा लिहून टाकला. आहे त्या अवस्थेत, वासासकट, दीड लाख. चालू केली तर अडीच.

आणि खरवडलेल्या जागेवर थोडी धूळ चोळली. हे मी का केलं, असं आज स्वतःला विचारतो तेव्हा आठवतं की त्या वेळी विचारलंच नव्हतं. हात आपोआप गेला.

मावशी झापाच्या दारात येऊन उभी राहिली. "बोल."

मी बाजारातला चेहरा केला. आईचा. म्हटलं, "मावशी, काही राहिलं नाही यात. खाऱ्या हवेने खाल्ली. इंजिन जाम आहे. टोटल लॉस आहे."

आता ती उलटून बोलणार होती. म्हणणार होती, तुझ्या आयशीसारखाच तू, मेल्या. मग मी दहा म्हटलं असतं, ती चाळीस म्हणाली असती, आणि कुठे तरी थांबलो असतो. शपथेवर सांगतो, तसं झालं असतं तर मी बराच वर गेलो असतो. पण ती काहीच बोलली नाही. मासळीचा भाव ती जगाला सांगायची, पण गाडीच्या भावात तिला काही कळत नव्हतं आणि कळत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने घासाघीस करायला गिऱ्हाईक बोलावलंच नव्हतं. सर्व्हेअर बोलावला होता. मीच तिथे गिऱ्हाईक होऊन उभा राहिलो, आणि बोललो सर्व्हेअरच्या तोंडाने.

खोलीतून आवाज आला. "काय म्हनतो?"

मावशीने तिथूनच ओरडून सांगितलं, "टोटल लास म्हनतो."

आत खाट एकदा कुरकुरली.

"भंगारात सहा देतील," मी म्हटलं. "मी नऊ हजार देतो. घरचं म्हणून. सुटे भाग काढीन काही निघाले तर."

"वर तीन कशाला देतोस? तुझं नुकसान."

"राहू दे, मावशी."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला आजही कधी कधी शर्टाखाली जाणवतो. एवढंच लिहितो, त्याच्यापुढे नको.

गाडी ढकलत जेट्टीवर आणली, फेरीबोटीवर चढवली. लोक नाक धरून लांब सरकले. वर्सोव्यात टेम्पो करून घरी आणली, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात लावली. सोसायटीतल्या सगळ्या मांजरी तिच्याभोवती जमल्या. बायको म्हणाली, "मासळीबाजार उचलून आणलात की काय?" कंपूतल्या एकाला फोटो पाठवला. "कितीला उचलली, ओळख," असं लिहिलं. त्याने लिहिलं, लाख. मी नुसता हसरा चेहरा पाठवला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी प्लग काढला. सिलिंडरच्या आत मधासारखं घट्ट झालेलं तेल होतं. म्हाताऱ्याने बाहेरून लावलं तसं आतही ओतून ठेवलं होतं. तेच गोठून पिस्टन अडकला होता. म्हणजे इंजिन ज्याला मी जाम म्हटलं, ते त्याने जपलेलं होतं. रॉकेल आणि डिझेल मिसळून ओतलं, दोनतीन दिवस मुरू दिलं. नंतर किकवर पाय ठेवला तर ती सावकाश, काही न बोलता, खाली गेली. कार्बोरेटर धुतला, नवा प्लग, नवी वायर. दोन आठवड्यांत गाडी चालू झाली. पार्किंगमध्ये पांढरा धूर कोंडला आणि धुराला मासळीचा वास होता.

तेव्हाही मढला फोन करता आला असता. मनाशी म्हटलं, कागद होऊ देत आधी.

कागदांसाठी म्हाताऱ्याचा अंगठा लागणार होता. पपई आणि केळी घेऊन गेलो. मावशीने आत नेलं. तो उताणा पडला होता, डोळे वरच्या कौलांकडे लावलेले. खोलीत त्याच तेलाचा डबा कोपऱ्यात होता, वर ब्रश आडवा ठेवलेला.

"आला रे, तुझी एफडी मोडायला आला," मावशी त्याला म्हणाली. "चाळीस वर्षं माझी जागा खाल्ली तुझ्या गाडीने. नऊ हजारांची एफडी."

मी हसलो. ती हसवण्यासाठीच बोलली होती, असं मला वाटलं.

मी त्याचा डावा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर टेकवला, मावशी शाई पुसायला फडकं आणायला गेली. तेवढ्यात त्याने मान वळवली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"बाला, खरा सांग. इंजिनात मी तेल ओतलेला. टिकला काय?"

त्याने किमतीचं विचारलं नाही. नऊ का, दहा का नाही, असं काही नाही. तेल टिकलं का, एवढंच. मला तेव्हाच कळलं होतं की हा माणूस काय विचारतो आहे. आपण राखली ती गोष्ट राखली गेली का. बायकोसाठी ठेवलं ते उरलं का. माझ्या हातात त्याच्या अंगठ्याचा कागद होता, शाई अजून ओली. 'टिकलं' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग भंगाराचा भाव कसा? आणि फडकं घेऊन मावशी दारात आलीच होती.

"नाही टिकलं, काका," मी म्हटलं. "खारी हवा. कोणाचं टिकतं?"

तो "हं" म्हणाला आणि पुन्हा कौलांकडे बघू लागला. पहिल्या दिवशी मी जे केलं त्याला बाजार म्हणून पांघरूण घालता येईल. या उत्तराला कसलंही पांघरूण नाही. त्याने एक सरळ प्रश्न विचारला होता आणि मी सरळ खोटं बोललो.

शिमग्याच्या आधी तो गेला. मी भेटायला गेलो, पडवीत पुरुषांत बसलो, चहा घेतला, उठलो. मावशीशी बोलणं झालं नाही.

गाडीचं काम पूर्ण केलं. पासिंग करून घेतलं, कागद माझ्या नावावर आले. काळा थर काढला तेव्हा गाडी अशी निघाली की कंपूतले लोक हात लावायला घाबरायचे. एकाने अडीच लाख देऊ केले, दुसऱ्याने त्याच्यावर. मी विकली नाही. का नाही विकत, कोणी विचारलं तर म्हणायचो, बघू. चालवतही नव्हतो. वर्षभर कव्हर घालून उभी होती. सीटच्या स्प्रिंगांतला वास गेला नव्हता. मांजरी कव्हरखाली झोपायच्या. बायको म्हणायची, "ही गाडी तुम्हाला नकोय आणि विकायचीही नाही. मग हिचं करायचं काय?"

या वर्षीच्या जानेवारीत मावशीचा फोन आला. शेजारच्या घरात जुनी स्कूटर पडली होती. त्यांना ती विकायची होती.

"तू येऊन भाव सांग," ती म्हणाली. "मी त्यांना बोलले, दुसऱ्या कोनाला दाखवू नका. हा खोटं बोलत नाय."

मी 'येतो' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात नीट जेवलो नाही. रविवारी सकाळी कव्हर काढलं, मांजर हाकललं, गाडी चालू केली आणि वर्सोव्याच्या जेट्टीवर गेलो. खिशात पाकीट होतं. त्यात एक लाख एक्केचाळीस हजार होते. पहिल्या दिवशी मनात लिहिला होता तेवढा आकडा, वजा नऊ हजार. पैसे देताना काय बोलायचं ते बोटीत ठरवत होतो. असंही ठरवलं होतं की म्हणावं, गाडी नंतर बरी निघाली, हा तुझा वाटा. तसं म्हटलं असतं तर तिने आणखी एकदा पाठीवरून हात फिरवला असता. मढच्या बाजूला उतरेपर्यंत माझं नक्की नव्हतं.

गल्लीत शिरलो तेव्हा ती अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. दोन सायलेन्सरचा तो फुटका, तडतडता आवाज तिने माझ्या आधी ऐकला असणार. मी वळणावर आलो तेव्हा ती उभी होती, एक हात मासळी वाळवायच्या बांबूवर. मी गाडी बंद केली.

तिने गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत गाडीकडे.

"ही तीच?"

"हो."

"दुसरं इंजिन घातलंस?"

"नाही, मावशी. तेच आहे."

ती जवळ आली. टाकीवर हात ठेवला, रिमवर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"म्हंजे तेल टिकलेला."

"टिकलं होतं," मी म्हटलं. "आत, बाहेर, सगळीकडे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नखाने खरवडून पाहिलं होतं मी."

"अंगठा घ्यायला आयलास तवा?"

"तेव्हा चालू झाली होती."

"त्याने तुला इचारलेला. मी दारात होते. मी ऐकलं."

शेजारच्या अंगणात कोणीतरी रेडिओ लावला होता, तो बंद झाला. मी खिशातलं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुना म्हायती नाय," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "तू गेलास ना, त्याच्यानंतर रोज मी त्याला बोलायची. पाटी डोक्यावर घेऊन चाळीस वर्षं मी भाव केले, आनि तू एक गाडी धरून बसलास. तुझी अक्कल काय, तुझा तेल काय. जेवू घालताना बोलायची, अंग पुसताना बोलायची. तो पलटून काय बोलायचा नाय. नुसता ऐकायचा. आधी भांडायचा, त्या दिवसापासून भांडायचा बंद झाला. मना वाटलं, हरला. बरा झाला, हरला."

ती थांबली.

"मरायच्या आदल्या दिवशी पन बोलले. पानी पाजताना."

"मावशी," मी म्हटलं.

"तो गेला तो गेला. मी निस्ती बडबडी बाय, असं मी धरून चालले होते. आता मी काय धरू?" आणि मग तिने विचारलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "हे मना कशाला सांगितलंस?"

मी खरं बोललो तर ओझं उतरेल, असं मनात कुठे तरी धरून मी बोटीत बसलो होतो. उतरलंही असेल थोडं. पण ते कुठे उतरलं ते माझ्यासमोर उभं होतं, सत्तरीचं, बांबूला धरून.

"आत लाव," ती म्हणाली. "होती तशी."

मी गाडी मागच्या झापात नेली. ती जागा पुतण्याने बर्फाच्या पेट्यांसाठी घेतली होती. मी पेट्या बाजूला केल्या, गाडी स्टँडवर लावली. पाकीट सीटवर ठेवलं. तिने ते उचलून माझ्या शर्टाच्या खिशात परत घातलं, जसं लहान मुलाच्या खिशात खाऊ घालतात. "चावी," म्हणाली. मी दिली.

मग ती खोलीत गेली आणि तेलाचा डबा घेऊन आली. झाकण घट्ट बसलं होतं, ते सुरीच्या टोकाने काढलं. ब्रश कडक झाला होता म्हणून पदराच्या टोकाने तेल घेतलं आणि टाकीवर लावायला सुरुवात केली. मी ज्याच्यावर महिनोन् महिने हात फिरवला होता तो लाल रंग एकेका पट्ट्याने काळा होत गेला. गुडघे दुखत होते तरी ती खाली बसली आणि रिम घेतली. मी वाकून म्हटलं, "दे, मी लावतो."

"तू नको लावू," ती म्हणाली. "जा. बोट जाईल."

पुढच्या आठवड्यात पुतण्या घरी आला. काकीने नऊ हजार पाठवलेत म्हणाला, गाडी परत घेतली त्याचे. नोटांना सुक्या बोंबलांचा वास होता. "मोजून घ्यायला सांगितलंय," तो म्हणाला. मी त्याच्यासमोर मोजून घेतले. त्याच्या बोलण्यावरून कळलं की तिने त्याला काहीच सांगितलेलं नाही. त्याला वाटत होतं, म्हातारीला आठवण यायला लागली म्हणून मी मोठ्या मनाने गाडी आणून दिली.

जाताना चपला घालत तो म्हणाला, "साहेब, त्या शेजारच्या स्कूटरचं राहिलं. कधी येताय?"

"दुसऱ्या कोणाला तरी दाखवा," मी म्हटलं.

"तुमच्यापेक्षा खरं कोण सांगणार?" तो हसत म्हणाला, आणि जिना उतरून गेला.